स्वच्छ व कोरड्या पिशव्या

परवा फोनवर रेवाने विचारलं, "आजी, ती पिशव्यांचा वास घेणारी आजी कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. ते उत्तर पुरतं खरं नव्हतं, म्हणून आज सकाळची कामं आटोपून नीट लिहायला बसले आहे. रेवा, हे ईशानलाही वाचून दाखव. तो अजून जोडाक्षरांपाशी अडखळतो.

तुम्ही आला होतात तेव्हा चांगूबाई पाण्याच्या टाकीखाली तीन सिमेंटच्या कुंड्यांपुढे पाटावर बसलेली होती. ईशानच्या हातातली मासळीची पिशवी तिने मागून घेतली, आतली मांदेली माझ्या डब्यात ओतली, पिशवी उलटी केली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "कालची हायत, बाई. बर्फात ठेवलेली. पोरांना देव नका." मी ती ताजी म्हणून घेऊन आले होते. तुम्ही दोघं हसलात आणि मग दिवसभर घरातल्या प्रत्येक पिशवीचा वास घेत फिरलात.

ती ठेंगणी होती, अंगाने वाळकी, गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा घातलेलं लुगडं नेसायची. डोळे कायम बारीक केलेले. मला आधी वाटायचं की ती संशयाने बघते. मग कळलं, लग्न होऊन आल्यापासून ती मिठागरावर राबली होती, आणि पांढऱ्या मिठावर तापलेलं ऊन बघून बघून तिचे डोळे तसेच राहिले होते. किहीमच्या उत्तरेला आपली खाडी वळते तिथे ते मिठागर होतं. एका वर्षी बांध फुटला, समुद्राचं पाणी आत आलं, आणि बांध पुन्हा घालायला कोणी पुढे आलं नाही. त्यानंतर ती मिळेल ते काम करायची.

या पिशव्या धुण्याची सुरुवात मात्र तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या शहरातून झाली, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाच्या दाराशी एक पेटी होती. लोक जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून तिच्यात टाकायचे. दुकानाला त्या परत घ्याव्याच लागत. पेटीशेजारी एक पत्रक होतं, त्याची घडी करून मी वहीत ठेवली. त्यात लिहिलं होतं, पिशव्या स्वच्छ व कोरड्या असाव्यात.

परत आले तर आपल्या गावात गटार पिशव्यांनी तुंबलेलं, भरतीची रेषा पिशव्यांनी रंगलेली. पिशव्यांवर बंदी होती आणि पिशव्याही होत्या. ग्रामपंचायतीला काहीतरी करायचं होतं. गावात इंग्रजी शिकलेली, नीटनेटकं लिहिणारी म्हणून सरपंचांनी मसुदा मला लिहायला सांगितला. मी लिहिलं: गावातल्या प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाईक आणील तितक्या पिशव्या परत घ्याव्यात आणि त्या स्वच्छ व कोरड्या करून पुढे पुनर्वापरासाठी द्याव्यात. ग्रामसभेत टाळ्या पडल्या. ते वाक्य मला फार सुबक वाटलं होतं.

दुकानदारांनी आठ दिवसांत तोंड उघडलं. स्टँडजवळच्या किराणा दुकानाचे शेठ, ज्यांचे आजोबा गुजरातमधून इथे आले, ते सगळ्या दुकानदारांच्या वतीने बोलले. पिशवी परत घ्यायला ना नाही, पण ती धुवायची कोणी, असं त्यांचं म्हणणं. दुकानात नळ नाही. साबण घेऊन बसलो तर तेल-साखर कोण तोलेल? "अमे धोबी छीए?" आम्ही काय धोबी आहोत, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. कोंबडीवाले आणि मच्छीवाल्या बायका त्यांच्या बाजूने झाल्या. शेवटी ठरलं की दुकानांनी पिशव्या गोळा कराव्यात आणि धुण्याचं काम पंचायतीने करावं. माझ्या मसुद्यात दोन शब्दांचा फरक झाला. धुवायला पाणी कुठून येणार हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी सगळा जन्म मुंबईत काढलेला. नळ फिरवला की पाणी येतं एवढंच मला पाण्याबद्दल माहीत होतं.

कोंबडीच्या आणि मासळीच्या पिशव्या हातात धरायला गावात कोणी तयार होईना. चांगूबाई आली. तिने दोनच गोष्टी विचारल्या: टाकीपाशी वारा कुठल्या अंगाने लागतो, आणि धुतलेल्या पिशव्या नेणार कोण. वारा खाडीकडून लागतो, आणि पंचायतीचा टेम्पो पिशव्या दूरच्या कारखान्यासाठी गोळा करणाऱ्याकडे पोचवील, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.

तिचं काम बघण्यासारखं होतं. पिशवी उलटी करायची, हुंगायची, वासाप्रमाणे कुंडी ठरवायची. मासळीची एका कुंडीत, तेल-तुपाची दुसरीत, नुसत्या धुळीची तिसरीत. मग जाळ्याच्या जुन्या तुकड्यावर दगड ठेवून वाऱ्यात वाळत घालायची. मिठाचे ढीग लावावेत तशा सरळ ओळी. वाळल्या की शंभराची चवड करून बांधायची. दोरी म्हणून तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाच्या पट्ट्या. मिठाच्या गोणीचं तोंड बांधायची एक गाठ मिठागरावरच्या बायकांना येते. पट्टी दोनदा उलटी फिरवून टोक आत दडपतात. ओढली की ती आवळते, आणि टोक धरून झटका दिला की एकदम सुटते. मी कितीदा करून बघितली, मला जमली नाही.

पिशव्यांवरून तिला घरं कळायची. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय, कोणत्या बंगल्यात माणसांपेक्षा कुत्र्याला चांगलं मटण मिळतं. बायका खोदून खोदून विचारायच्या. तिचं एकच उत्तर असे: "पिशवी धुतली. वास पान्यात गेला." पण एकदा ती काम टाकून माझ्याकडे आली होती. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपल्या मागच्या गल्लीत एकटे राहायचे. तीन आठवडे त्यांच्या घरून नुसत्या पावाच्या पिशव्या येत होत्या, मासळीची एकही नाही, आणि हा माणूस मासळीशिवाय जेवत नाही. आम्ही दोघी गेलो. ते पाय मुरगळून अंथरुणाला खिळले होते आणि दूधवाल्याकडून पाव मागवून दिवस काढत होते. चांगूबाईने चुलीवर पेज केली, वाडग्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवली आणि दम दिला की पिशवी बोलते तर तुम्हाला तोंड न्हाय काय. त्यानंतर ते बरे होईपर्यंत ती रोज जात होती. हे गावात कोणाला कळलं नाही.

तिच्या घराला लागून तिच्या थोरल्या जावेचं, ठमाबाईचं घर. दोघींचे नवरे कधीच गेले होते. मधली भिंत एक, दारातला नळ एक, आणि दिवसभर चालणारं भांडणही एकच. ठमाबाई आल्यागेल्याला सांगायची, आमच्या चांगीला गावाचा उकिरडा हुंगायची नोकरी लागली. चांगूबाई आतून ओरडायची, "तुझी पिशवी सोडून हुंगते, बाय. ती हुंगली तर मरायची मी." मग दोघी एकाच चुलीवर केलेला चहा प्यायच्या. थोरलीला ती बाय म्हणायची, आणि थोरली हिला चांगे.

पहिला उन्हाळा कसाबसा निभावला. दुसऱ्या उन्हाळ्यात टाकी अर्धीच भरू लागली. खाली किनाऱ्यावर नवे बंगले झाले होते, त्यांनी बोअर मारल्या होत्या. विहिरींचं पाणी मचूळ झालं होतं. पंचायतीने पाणी एक दिवसाआड केलं. आणि पिशव्यांच्या कुंड्या तर रोज दोनदा भराव्या लागत. तेवढं पाणी कुठूनतरी काढायचं होतं. पाणी सोडणारा काशिनाथ भला माणूस आहे, पण त्याला जे सांगतील ते तो करतो. त्याला सांगितलं की खारआळीची दहा मिनिटं कमी कर. खारआळी म्हणजे चांगूबाईची आळी, जुन्या मिठागरातल्या कामगारांची घरं. ती नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे, म्हणून तिची निवड झाली.

कागदावर अर्ध्या तासातली दहा मिनिटं गेली. प्रत्यक्षात पहिली दहा मिनिटं त्या टोकाला हवा आणि गंजच येतो. म्हणजे तिथलं निम्मं पाणी गेलं. हे मला नंतर कळलं. खारआळीतल्या बायकांना पहिल्याच दिवशी कळलं.

ठमाबाईच्या बोलण्यातली गंमत गेली. एका सकाळी नळावर सगळ्यांदेखत ती म्हणाली, "चांगे, माझ्या हंड्यातला पानी तू कोंबडीच्या पिशवीला पाजतेस." त्या दिवसापासून चहा दोन चुलींवर होऊ लागला.

तिने उपाय करून बघितला. भरतीच्या वेळी पिशव्या खाडीवर नेल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून धुतल्या, आणि गोडं पाणी फक्त शेवटच्या बुडवणीला वापरलं. आठ दिवसांनी पंचायतीतून निरोप आला की पिशव्यांवर मिठाची भुकटी आहे, असा माल नियमात बसत नाही. चांगूबाई मला सांगताना हसली. जन्मभर मिठानं पोसलं, आता मीठच नडतंय, म्हणाली. तिच्या पोटऱ्यांवर शिंपल्यांनी कापल्याच्या रेघा होत्या आणि त्या पिकल्या होत्या.

त्यानंतर मे महिन्यात ती माझ्या ओटीवर येऊन बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही. म्हणाली, "बाई, कागदावर धुतलेली असं कशाला लिवलात? झटकलेली लिवलं असतं तर?"

मी तिला समजावून सांगितलं. घाण पिशवी वितळवली तर माल खराब होतो, यंत्र बिघडतं, म्हणून स्वच्छ लागते. कोरडी नसेल तर वाफ धरते. सगळी कारणं मी एकामागून एक, मला जशी येतात तशी, व्यवस्थित सांगितली. आणि पाऊस पडेपर्यंतचाच प्रश्न आहे, असंही म्हटलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि "व्हय" म्हणून उठली.

खारआळीच्या मागे पायऱ्यांची जुनी विहीर आहे. तिला इथे बाव म्हणतात. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी पीत नव्हतं. नळ पुरेना म्हणून बायका पुन्हा तिथे उतरू लागल्या. उन्हाळ्यात पाणी तळाशी जातं आणि खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. वर्षानुवर्षं पाण्यात असल्यामुळे त्यांवर शेवाळ असतं. ठमाबाईची सत्तरी जवळ आली होती. भरलेली कळशी कमरेवर घेऊन चढताना तिचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला नेली. तिथे चौथ्या दिवशी ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा चांगूबाई मधल्या भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला बघून तिने आपणहून बोलायला सुरुवात केली. "चार दिस डोळे उघडे होते, बाई. समद्यांशी बोलली. माझ्याशी न्हाय. मी चमच्यानं पानी घातला तर तिनं तोंड मिटला." मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. जेवलात का, एवढंच मी विचारलं.

मला वाटलं होतं की ती काम सोडेल. चौदाव्या दिवशी ती कुंड्यांपुढे हजर होती. खारआळीतल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या. तिच्या वाटेवरून जाताना हंडे मुद्दाम कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेत. मी विचारलं, कशाला आलात. ती म्हणाली, "बायचा पानी हाय या पिशव्यांत. त्या तरी पोचू देत जिथं पोचायच्या तिथं."

पाऊस पडला, टाकी भरली, तरी खारआळीची दहा मिनिटं परत आली नाहीत. काशिनाथला ती परत द्यायला कोणी सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात पाऊस उघडल्यावर चांगूबाई चिंबोऱ्या पकडायला खाडीवर गेली होती. सकाळी नऊच्या सुमाराला ती माझ्या दारात उभी राहिली. टोपली रिकामी होती. म्हणाली, चला. मी विचारलं, कुठे. तर पुन्हा म्हणाली, चला. मी रबरी चपला घालून तिच्यामागे गेले. मिठागराच्या फुटक्या बांधापर्यंत टेम्पो जाईल असा रस्ता आहे. तिथून खाली खारफुटीत बघितलं तर चवडी पडलेल्या होत्या. काही चिखलात निम्म्या गाडलेल्या, काही मुळांत अडकलेल्या, काही फुटून फांद्यांना लटकलेल्या. प्रत्येकीला हिरव्या काठाची पट्टी.

ती बांधावरून उतरली, नुकतीच टाकलेली, पाण्याच्या वर राहिलेली एक चवड उचलून घेऊन वर आली. पट्टीचं टोक धरून झटका दिला. गाठ सुटली. मधल्या पिशव्या अजून स्वच्छ होत्या. स्वच्छ आणि कोरड्या. तिने एक एक करून मला दाखवल्या, जणू मला खात्री पटायची होती.

पुढच्या ग्रामसभेत ती चवड तिने सरपंचांच्या टेबलावर ठेवली. टेम्पोवाल्याला बोलावून आणलं. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं, पिशव्या घेणाऱ्याने होळीपासूनच माल घेणं बंद केलं होतं. त्याला आता दुसरीकडून जाड प्लॅस्टिक मिळतं. परत आणल्या तर ठेवायच्या कुठे, ते पंचायतीत कोणी सांगेना. म्हणून तो बांधावर उतरवत गेला.

होळीपासून. म्हणजे खारआळीचं पाणी तोडलं त्याच्याही आधीपासून. सभेत सगळ्यांनी मनातल्या मनात तो हिशेब केला असावा, कारण एकेकाची नजर खारआळीतल्या बायकांकडे वळली. सरपंच चौकशी करू म्हणाले. शेठ म्हणाले, दुकानदारांनी आपलं काम चोख केलं आहे, हे लिहून ठेवा. चांगूबाई उभीच होती. "मना कोनाला शिक्षा नको," ती म्हणाली. "खारआळीची दहा मिन्टं परत द्या."

मागून एका बाईचा आवाज आला, "आनि ठमी?"

मी उठले. ते वाक्य माझं होतं, मी परदेशातल्या पत्रकावरून उतरवलं, इथल्या पाण्याचा विचार केला नाही, असं सांगितलं. मला वाटत होतं, कोणीतरी मला चार शब्द सुनावील. लोक म्हणाले, बाई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता, तुमचा हेतू चांगला होता. कोणी खुर्ची पुढे केली. सरपंचांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. चांगूबाईला बसायला कोणी सांगितलं नाही.

धुणं बंद झालं. दहा मिनिटं परत मिळाली. दुकानांचा नियम मात्र तसाच आहे, कारण तो मागे घेतला तर वेशीवरचा स्वच्छ गावाचा फलक उतरवावा लागेल. शेठच्या मागच्या पडवीत न धुतलेल्या पिशव्यांची पोती छतापर्यंत लागली आहेत. खारफुटीतल्या चवडी काही आम्ही काढल्या, बाकीच्या उधाणाने नेल्या.

रेवा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या आठवड्यात मी चांगूबाईला बघितलं. खारआळीत सकाळचं पाणी आलं होतं, नळाला चांगली धार होती, बायका आरामात भरत होत्या. ती हंडा घेऊन त्या सगळ्यांच्या समोरून गेली. एकीने तिला हाक मारली, "ये गं, तुझा लाव." एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. ती थांबली नाही. मी मागोमाग गेले तर ती बावेच्या काठाशी पदर खोचत होती. मी म्हटलं, चांगूबाई, नळाला पाणी आहे. ती म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, "तो माझ्या घशातून उतरत न्हाय, बाई."

माघ सरत आला होता, पाणी खाली गेलेलं. ती एक हात भिंतीला लावून उतरू लागली. आधी पाऊल ठेवून अंगठ्याने दगड चाचपायची, मग भार टाकायची. चार-पाच पायऱ्यांनंतर फक्त डोकं दिसत होतं, मग तेही नाही. हंडा बुडाल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मी काठावर उभी राहून तिच्या श्वासाचा आवाज वर येतोय का ते ऐकत होते.